पाहुण्याचं पाणी

१ जानेवारी १९५९, गुरुवार

विधानसभेकडून यांना दोन डायऱ्या आल्या. एक यांनी ठेवली, दुसरी कोणाला तरी देऊन टाक म्हणाले. मी कोणाला देणार? जाड गुळगुळीत कागद, पानापानावर तारीख छापलेली. मीच ठेवून घेतली. घरखर्चाची वही वेगळी आहे, ती तशीच चालेल. रोज लिहिण्याइतकं माझ्या आयुष्यात काही घडत नाही. ज्या दिवशी घडेल त्या दिवशी लिहीन आणि एका वर्षाची डायरी दोन-तीन वर्षं पुरवीन. छापलेली तारीख खोडली की झालं.

अकोल्याला शाळेत आमच्या बाई सांगायच्या, दैनंदिनीच्या पहिल्या पानावर आपण कोण ते लिहावं, म्हणजे पुढं खोटं लिहिताना हात अडखळतो. तर मी दुर्गाबाई, माहेर अकोला, मॅट्रिक पास, राहणार राजापेठ, अमरावती. हे वकील, आणि दोन वर्षांपासून आमदार. नाव लिहीत नाही, बाहेर पाटीवर आहे.

यांचं गाव बोरखारी, भातकुलीच्या पलीकडे. तिकडचा सगळा पट्टा खारा. विहीर कितीही खोल खणा, पाणी खारट. निवडणुकीत यांनी गावच्या पारावर उभं राहून सांगितलं होतं, "या अकरा गावांत गोडं पाणी आणीन. नाही आणलं तर पुन्हा मत मागायला येणार नाही." मी बायकांत बसले होते. इतकं पक्कं कशाला बोलावं, असं मला वाटलं. त्याच आठवड्यात अंबादेवीला जाऊन मी नवस बोलले, की पाणी येईपर्यंत साखर खाणार नाही. त्यात बचतही होते, पण बचतीसाठी केला नाही हे देवीला माहीत आहे.

१८ जानेवारी, रविवार

आज दोघं बोरखारीला जाऊन आलो. तिथं आम्ही नत्थुजींकडे उतरतो. ते यांचे लहानपणापासूनचे सोबती, वयाने थोडे मोठे. गोदाबाई त्यांची बायको.

उंबऱ्यात पाय ठेवताच गोदाबाईने पाण्याचा लोटा हातात दिला. मी सहा महिन्यांनी ते पाणी पीत होते. मीठ घातल्यासारखं नाही लागत, राख कालवल्यासारखं लागतं, आणि मागून जिभेला कडू. माझा पहिला घोट घशातच राहिला. हे मात्र उभ्या उभ्या लोटा रिकामा करून मोकळे झाले.

चुलीवर तुरीची डाळ सकाळपासून होती. दुपार झाली तरी दाणा न् दाणा वेगळा. गोदाबाई म्हणाली, भाकरीत मीठ टाकायचं काम पडत नाही, सरकारनं तेवढी बचत करून दिली आहे. बोलताना तिचा चेहरा अगदी सरळ असतो, हसायचं आपण.

कोपऱ्यात ओलं फडकं गुंडाळलेली घागर दिसली. विचारलं तर कळलं, उद्या सुनेच्या माहेरची माणसं यायची आहेत, म्हणून नत्थुजी सात मैलांवरून बैलगाडीने गोडं पाणी घेऊन आले. पाहुण्याला खारं पाणी द्यायचं नाही, असा त्या सगळ्या गावांचा रिवाज आहे. गोदाबाईचे वडील सोयरीक पाहायला आले तेव्हा त्यांनाही गोडंच पाजलं होतं. "लग्न लागलं, सासरी आली, पयला घोट घेतला, आन् कळलं बापानं कुठं देल्ली ते," असं ती म्हणाली. सगळे हसले.

मी तिला म्हटलं, मग आम्हाला खारं कसं?

"तुमी कायचे पाहुने वं? भाऊजी याच मातीतले. घरच्या मानसाले घरचंच पानी."

परत येताना हे जीपमध्ये गुणगुणत होते.

२४ मार्च, मंगळवार

मुंबईहून पत्र. यांनी सभागृहात खाऱ्या गावांचा प्रश्न विचारला. दोन वर्षांतली ही नववी वेळ. या वेळी मंत्री म्हणाले की मी स्वतः येऊन पाहीन, सदस्य म्हणतात तसं असेल तर नळयोजना मंजूर करीन. सगळ्यांनी बाकं वाजवली असं लिहिलं आहे. पत्र देवापुढं ठेवलं.

९ मे, शनिवार

उद्या मंत्री बोरखारीला येणार. जेवण नत्थुजींच्या ओसरीवर. गोदाबाई गोड्या पाण्यासाठी गाडी पाठवणार होती, पण या उन्हात बैलांचे हाल कशाला? मी निरोप धाडला की आमच्या विहिरीचं पाणी मी जीपमधूनच आणते. दोन पितळी घागरी चिंचेने लख्ख केल्या. पाण्यात वाळा टाकला आहे.

संध्याकाळी देवमन आले होते. ते शेजारच्या मतदारसंघाचे आमदार, विरोधी पक्षाचे. जन्म बोरखारीचाच. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या सगळ्या वस्तीने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आई तानुबाई अजून तिथंच खालच्या वस्तीत राहते. पक्ष वेगळे, पण मुंबईला जाताना हे दोघं एकाच डब्यात बसतात आणि वाटेत भांडतात. देवमन मला वहिनी म्हणतात.

घागरी पाहून त्यांनी कशासाठी ते विचारलं. मी सांगितलं. देवमन म्हणाले, "वहिनी, उद्या मंत्र्याले खारंच पाजा. भाषन नको, निवेदन नको. एक गिलास पाजा, बस."

मी म्हटलं, दाराशी आलेल्या माणसाला असलं पाणी देणं आमच्याकडे होत नाही.

"हाव. तुमच्याकडं नाई होत," म्हणाले, आणि हसले.

हे कागद चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला देवमनांचं बोलणं जरा आगाऊपणाचं वाटलं. कोणाला काय पाणी द्यावं हे त्यांनी मला शिकवावं? ते गेल्यावर त्यांची कपबशी नेहमीप्रमाणे वेगळी काढून राखेने घासली. हेही लिहून ठेवते, कारण खोटं लिहायचं नाही असं ठरलं आहे.

१० मे, रविवार

कार्यक्रम फार छान झाला. मंत्री, त्यांच्याबरोबर इंजिनियर आणि पाच-सहा अधिकारी. ऊन असं की जमिनीवर पाय ठेववत नव्हता. मंत्री ओसरीवर टेकले आणि मी स्वतः पाणी दिलं. एका पाठोपाठ तीन गिलास प्यायले. मग यांच्याकडे वळून म्हणाले, "खुशालराव, पाणी तर अमृतासारखं आहे हो. सभागृहात तुम्ही आम्हाला भलतंच घाबरवलंत."

अधिकारी हसले. इंजिनियरने वही काढून काही टिपलं.

हे म्हणाले, "साहेब, हे पाणी..." आणि मी यांना डोळ्याने गप्प केलं. पाणी आमच्या घरचं आहे असं सगळ्यांसमोर सांगितलं असतं, तर गोदाबाईची मान खाली गेली असती. तिच्या ओसरीवर आलेल्या पाहुण्याला तिच्या घरचंच पाणी मिळालं असं दिसायला हवं. एवढं पुरुषांच्या लक्षात येत नाही. तेवढ्यात पानं वाढली, आणि जेवण होताच मंत्री गाडीत बसले. त्यांना अकोल्याची सभा गाठायची होती.

इतका मोठा माणूस, पण मातीच्या ओसरीवर मांडी घालून बसला. आज देवी पावली असं मला वाटलं.

नत्थुजी जेवले नाहीत, ऊन लागलं असावं. देवमन लिंबाखाली उभे होते ते न जेवताच गेले. घरी आल्यावर यांना पन्हं करून दिलं, ते यांनी तसंच ठेवलं.

४ ऑगस्ट, मंगळवार

पत्र. सभागृहात उत्तर आलं की प्रत्यक्ष पाहणी केली, पाणी पिण्यास योग्य आढळलं, योजना तूर्त विचारात नाही. मला त्या इंजिनियरचा असा राग आला. वही काढून लिहीत होता, काय लिहिलं देव जाणे. मंत्री बिचारे कागद पाहूनच बोलणार.

पत्राच्या शेवटी यांनी लिहिलं आहे, "तू मनाला लावून घेऊ नकोस." मी कशाला मनाला लावून घेऊ? कळलं नाही.

१२ एप्रिल १९६०, मंगळवार

बरेच महिने लिहिलं नाही. गेल्या वर्षी हे पुन्हा पुन्हा प्रश्न विचारत राहिले आणि तेच उत्तर येत राहिलं. शेवटी एकदा मंत्र्यांवर इतके चिडून बोलले की वर्तमानपत्रात आलं.

आता पुढच्या महिन्यात मराठी राज्य व्हायचं आहे, आणि यांना विधानसभेचे उपाध्यक्ष करायचं घाटत आहे. त्याच मंत्र्यांनी नाव सुचवलं. मनात काही ठेवलं नाही, थोर माणूस.

हे मात्र दोन दिवस घरात फेऱ्या घालून राहिले. आज जेवताना म्हणाले, "त्या खुर्चीवर बसणाऱ्याला प्रश्न विचारता येत नाही. बाजू घेता येत नाही. भाषणही करता येत नाही."

मी म्हटलं, "मग काय करायचं असतं?"

"दुसऱ्यांना बोलू द्यायचं. वेळ झाली की घंटा वाजवायची."

मला ते चांगलंच वाटलं. जो दुसऱ्यांना बोलायची परवानगी देतो तो बोलणाऱ्यापेक्षा मोठा नाही का? आणि प्रश्न विचारून काय मिळालं आजवर? खुर्चीवर बसलेल्या माणसाचा शब्द मंत्रीही मोडणार नाहीत. बोरखारीचं काम एका चिठ्ठीत होईल. मी हे सगळं यांना समजावून सांगितलं, बराच वेळ. शेवटी म्हणाले, "तुला तसं वाटतं?" मी हो म्हटलं. संध्याकाळी देवीची ओटी भरून आले.

१९ जून, रविवार

देवमन आले. हे उपाध्यक्ष झाल्यापासून पहिल्यांदाच. हार नाही, पेढे नाहीत. यांना साहेब म्हणाले. यांनी विचारलं, साहेब कधीपासून?

"आता तुमची परवानगी घेऊनच बोलाव लागते ना जी. सवय करून राहिलो."

दोघं हसले. पण नेहमीसारखे भांडले नाहीत, चहा पिऊन देवमन लवकर गेले.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार. नागपूर

विधानसभेची बैठक या वेळी नागपुरात आहे, म्हणून हे मला घेऊन आले. आज प्रेक्षकांच्या सज्जात बसले. आजचं आजच लिहून ठेवते.

अध्यक्ष बाहेर गेले होते, म्हणून हे खुर्चीवर होते. उंच खुर्ची, मागे पट्टेवाला, आणि बोलायला उठणारा प्रत्येक जण यांच्याकडे पाहून मान झुकवी. मला वाटलं, सासूबाई असत्या तर.

मग देवमन उठले. बोरखारीसह अकरा गावांचा प्रश्न. यांनी इतक्या वेळा विचारला होता तोच, शब्दही बरेचसे तेच. बोलता बोलता त्यांनी कोटाच्या खिशातून बाटली काढली आणि वर धरली. आत गढूळ पाणी. म्हणाले, "माझी माय हे पानी पेते. मंत्र्यांनी एक घोट घ्यावा, मी प्रश्न मागं घेतो."

गलका झाला. सगळे यांच्याकडे पाहू लागले. यांनी घंटा वाजवली. "सन्माननीय सदस्यांनी बाटली खाली ठेवावी. सभागृहात वस्तू दाखवता येत नाही."

देवमन बाटली धरूनच उभे राहिले. यांनी पुन्हा घंटा वाजवली. मग पट्टेवाल्याला सांगितलं, आणि त्याने जाऊन बाटली त्यांच्या हातातून घेतली. देवमनांनी ती ओढून धरली नाही. यांच्याकडे पाहून मान झुकवली, इतरांसारखीच, आणि खाली बसले.

मंत्री उत्तर द्यायला उठले. म्हणाले की बाटलीत कुठलं पाणी आहे कोण जाणे, मी स्वतः बोरखारीत बसून तिथलं पाणी प्यालो आहे. तीन गिलास. "त्याच गावच्या एका माउलीनं आपल्या हातानं दिलं. गोड होतं. साक्षीदार हवा असेल तर या सभागृहातच आहे, पण ते आता बोलू शकत नाहीत."

खाली सगळे हसले. सज्जातही हसले. माझ्या शेजारच्या बाई हसल्या.

माउली मी. पाणी माझ्या विहिरीचं. आत वाळा मी टाकला होता. हे सांगायला गेले तेव्हा डोळ्याने गप्प मी केलं. सव्वा वर्ष मी इंजिनियरला शिव्या देत होते.

यांनी सज्जाकडे पाहिलं नाही. पुढच्या सदस्याचं नाव पुकारलं.

२६ नोव्हेंबर, शनिवार

सुटी म्हणून अमरावतीला परत निघालो. धामणगाव गेल्यावर मी यांना सगळं सांगितलं, की मला काल कळलं. हे म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं."

मग मला का नाही सांगितलं? नंतर मंत्र्यांना का नाही सांगितलं? यांनी सांगितलं की मंत्र्यांना पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, म्हणजे तुमच्या घरच्यांनी आम्हाला फसवलं असं सभागृहात सांगू का? त्यानंतर यांनी ते पत्र फाडून टाकलं.

"माझ्यामुळं झालं," मी म्हटलं.

हे खिडकीबाहेर पाहत होते. चांदूर रेल्वेला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली. गाडी हलल्यावर म्हणाले, "तू पाणी दिलंस. मी पण त्यांच्या शेजारी बसून तेच प्यालो ना. मी तर गावचा. आणि देवमन आदल्या दिवशी सांगून गेले तेव्हा मी कागद चाळत होतो. उन्हात मंत्र्यांपुढं खारं पाणी ठेवायची मलाच लाज वाटली होती."

सोबत दशम्या होत्या, दोघांनी खाल्ल्या.

१९ मार्च १९६१, रविवार

खूप दिवसांनी बोरखारी. उपाध्यक्ष झाल्यापासून यांना जायला जमलं नव्हतं, किंवा जावंसं वाटलं नसेल.

नत्थुजींच्या अंगणात खुर्ची मांडलेली, वर धुतलेली चादर. गोदाबाईने पितळी गिलासात पाणी आणून दिलं. मी तोंडाला लावलं. गोड. गोठ्याकडे पाहिलं तर गाडी सोडलेली, बैलांच्या तोंडाला फेस, नत्थुजींचं धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं. चौदा मैलांची खेप करून नुकतेच आलेले.

यांनी गिलास हातात धरून ठेवला होता. म्हणाले, "गोदावहिनी, मले घरचं दे."

"नाई जी. साहेबाले खारं कसं देऊ?"

"साहेब कोन?"

गोदाबाई पदर सावरत उभी राहिली. नेहमीसारखं वाकडं काही बोलली नाही. कोणी रागावलेलं नव्हतं, उलट फार आदराने वागले. नत्थुजीही यांना अहोजाहो करत होते. पाणी कधी येणार हे कोणी विचारलं नाही. तेच मला फार लागलं. आधी विचारून जीव खायचे.

हे ते पाणी प्यायले. काय करणार, सात मैलांवरून आणलेलं.

५ नोव्हेंबर, रविवार

मंत्री पुन्हा बोरखारीला येणार, पुढच्या रविवारी. शाळेच्या इमारतीची कोनशिला आहे. निवडणूक तीन महिन्यांवर. तिकिटांची नावं महिन्याभरात ठरतील आणि ती ठरवण्यात मंत्र्यांचा हात मोठा आहे. हे म्हणाले, चहापाणी नत्थुजींकडेच. आणि मग माझ्याकडे नुसतं पाहत राहिले.

मी म्हटलं, पाण्याचं मी पाहते.

हे म्हणाले, "तिकीट जाईल."

मी म्हटलं, जाईल. पण पाणी आणलं नाही तर मत मागायला येणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होता. तिकीट घेऊन करायचं काय?

यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. थोड्या वेळाने म्हणाले, "घागरी नेऊ नकोस."

११ नोव्हेंबर, शनिवार

चार वेळा देवीपुढं बसून उठले. आलेल्याला चांगलं द्यावं, हे मी लहानपणापासून करत आले. मुद्दाम वाईट देण्यात पुण्य कसं असेल? देवीकडून उत्तर आलं नाही. तेव्हा एवढंच ठरवलं, की जे देईन ते आधी मी स्वतः पिईन, भरून. मग पाप लागलं तर मलाही लागेल.

१२ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच बोरखारीला पोचले. गोदाबाईने सांगितलं, पावसाळा नुकता सरला म्हणून गावविहिरीचं पाणी या दिवसांत तेवढं खारं लागत नाही. बारा महिने सारखी खारी म्हणजे खालच्या वस्तीतली, तानुबाईच्या अंगणाशेजारची. तिने नुसतं सांगितलं, जा म्हणाली नाही.

मी कळशी घेऊन गेले. त्या वस्तीत मी पहिल्यांदाच जात होते, एकवीस वर्षं या गावची सून असून. तानुबाई जोत्यावर तूर निवडत होती. मी काय हवं ते सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "आमच्या विहिरीचं? मंत्र्याले?"

"मला पण," मी म्हटलं.

दोर तिने सोडला, मी ओढला. तिथंच तिच्या लोट्याने मी एक लोटा भरून प्याले. डोळ्यांत पाणी आलं, इतकं खारट. तानुबाई म्हणाली, हळू पे बाई, पोट धरते. देवमनांची कपबशी मला तिथं आठवली. कोणाला काही सांगितलं नाही, पण आठवली.

चार वाजता मंत्री आले. हे शेजारी बसले. मी पाणी दिलं, आधी मंत्र्यांना, मग यांना. मंत्र्यांनी मोठा घोट घेतला आणि थांबले. घोट तोंडात तसाच. समोर शंभर माणसं, थुंकता येईना. गिळला. गिलास खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मला ओळखलं त्यांनी.

मी उभी राहून सांगितलं. आवाज बारीक निघाला, पण सगळे इतके गप्प होते की ऐकू गेला. "मागच्या वेळी मी तुम्हाला अमरावतीचं पाणी पाजलं. चूक माझी. गावचं पाणी हे आहे."

यांनी आपला गिलास एका दमात संपवला आणि माझ्यापुढं केला. "अजून दे."

मी दिलं. मग नत्थुजी म्हणाले, मलाही द्या. मग ओसरीवरच्या सगळ्यांनीच मागितलं. मंत्री घड्याळ पाहून उठले. चहा कोणी प्याला नाही, तो तसाही फाटला होता.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

यांचं पोट बिघडलं आहे, माझंही. ताक-भात.

२० डिसेंबर, बुधवार

यादी आली. यांचं नाव नाही. भातकुलीकडच्या एका तरुण सावकाराला तिकीट मिळालं. त्या पाण्यामुळं का, असं मी विचारलं. हे म्हणाले, नाही, वयाचं धोरण आहे. यांना अजून पन्नास पूर्ण नाहीत. मी पुढं विचारलं नाही.

आजच आणखी एक कळलं. गेल्या आठवड्यात सरकारी माणूस बोरखारीला आला, अकरा गावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून, चिठ्ठ्या चिकटवून घेऊन गेला. बारावी बाटली तानुबाईच्या विहिरीची. देवमन स्वतः येऊन सांगून गेले. चहा घेतला. कपबशी मी सगळ्यांबरोबर विसळली. लिहिण्यासारखं त्यात काही नाही, पण पहिल्या वेळचं लिहिलं आहे म्हणून लिहिलं.

जाताना देवमन यांना म्हणाले, "खुशालराव, आता घंटा कोन वाजवन?" यांनी विचारलं, मी आता साहेब नाही का? "सायबाच्या घरी मी भांडत नाई," म्हणाले, आणि तासभर भांडत बसले.

१४ जानेवारी १९६२, रविवार

संक्रांत. बोरखारीहून आत्ताच आलो. डायरीची बरीच पानं कोरी आहेत, ती पुरवून वापरीन. पुढच्या वर्षीपासून विधानसभेकडून डायरी येणार नाही.

नत्थुजींनी निरोप पाठवला होता की या. गेलो तर पारावर सगळं गाव. म्हणाले, अपक्ष उभे राहा, अकरा गावं तुमच्यामागं आहेत. उद्याच अर्ज भरू. मी बायकांत बसले होते, पाच वर्षांपूर्वीच्याच जागी. निवडून येतील असं मलाही वाटलं. मनातून फार हवंसंही वाटलं, ते लिहून टाकते.

हे उठून म्हणाले, "पानी आलं काय?"

नत्थुजींनी नकाराची मान हलवली.

"मंग? मी काय म्हनलो होतो इथं उभा राहून?"

नत्थुजी म्हणाले, बाटल्या तर नेल्या ना. हे म्हणाले, बाटल्या नेल्या म्हणजे पाणी आलं नाही. आणि त्या बाटल्यांचं काय झालं हे सभागृहात जो विचारील त्याला मत द्या, कोणत्याही पक्षाचा असो. मग खाली बसले.

गर्दी पांगली. आम्ही नत्थुजींकडे गेलो. अंगणात खुर्ची नव्हती, घोंगडी होती. गोठ्यात बैल बसून रवंथ करत होते, गाडी कुठंच गेली नव्हती. गोदाबाईने तीळगूळ दिला. मला विचारलं, साखर अजून बंदच का? मी हो म्हटलं. म्हणाली, "मरंपर्यंत पुरते तुयी साखर."

मग आत गेली, आणि नेहमीचा लोटा भरून आणला.

"घ्या भाऊजी," म्हणाली.

यांनी लोटा तोंडाला लावला. पहिल्या घोटाबरोबर माझ्याकडे पाहिलं. मग उभ्या उभ्या सगळा रिकामा केला.